पिन बसते, अवजार बसत नाही: छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या तीन टोकांची पार्श्वभूमी

सरद म्हणजे पावसाळी हंगामाच्या तोंडावर गोव्यातल्या सासष्टी, तिसवाडी, बार्देशातल्या भातशेतीत छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांचे अवजार, ही जोडी आता सवयीची झाली आहे. पण एका गावचा रोटाव्हेटर दुसऱ्या गावच्या ट्रॅक्टरला लावायची वेळ आली की हातोडा निघतो. ट्रॅक्टर नवा, अवजार नवे, दोन्हींच्या कागदावर ‘कॅटेगरी वन’ लिहिलेले, तरीही. ही भानगड समजायची तर दोन निरनिराळे इतिहास पाहावे लागतात. एक युरोपातल्या नांगराचा, दुसरा गोव्यातल्या चिखलाचा.

पहिला थोडक्यात. सुरुवातीचे ट्रॅक्टर नांगराला साखळीने ओढत. फाळ खडकाला अडकला की मागची चाके फिरायची थांबत नसत, पुढचा भाग उचलला जाई आणि ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटे. एका आयरिश यंत्रकाराने त्यावर काढलेली तोड म्हणजे आजची तीन टोकांची जोडणी: खाली दोन हात, वर मधोमध एक टॉप लिंक. पेटंट 1926 चे, ही जोडणी असलेला ट्रॅक्टर बाजारात आला 1936 मध्ये, आणि 1939 पासून तीच रचना अमेरिकेतल्या कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली. यंत्रकार आणि अमेरिकन कारखानदार यांच्यातला तो सगळा व्यवहार तोंडी करारावर चालला होता. मग व्हायचे तेच झाले, आणि त्यातून उभा राहिलेला खटला 1952 मध्ये 92.5 लाख डॉलरवर मिटला.

त्या शोधाचा गाभा अवजार उचलणे हा नव्हता. नांगर जमिनीत रुतू लागला की वरच्या टॉप लिंकवर दाब येतो, तो दाब हायड्रॉलिकपर्यंत पोचतो आणि हायड्रॉलिक नांगराला बोटभर वर घेते. नांगराचे वजन मागच्या चाकांवर येते, पकड वाढते, ट्रॅक्टर पुढे सरकतो. हलका ट्रॅक्टर जड काम करू शकला तो या युक्तीमुळे. आपल्याकडे कंपन्यांच्या पत्रकांत ‘एडीडीसी’ (ऑटोमॅटिक डेप्थ अँड ड्राफ्ट कंट्रोल) ही चार अक्षरे असतात, आणि सीटशेजारी दोन दांडे. एक अवजाराची उंची ठरवतो, दुसरा ओढीप्रमाणे खोली राखतो. गोव्यात बहुतेकांचा हात पहिल्याच दांड्यावर असतो. दुसऱ्यावर धूळ. त्याला कारण आहे.

इथल्या शेताने ट्रॅक्टरचा नांगर फारसा पाहिलाच नाही. खाडीकाठच्या खाजन जमिनी, त्यांचे बांध आणि मानशी (पाण्याची दारे), कोमुनिदादींनी म्हणजे गावसंस्थांनी दर काही वर्षांनी पावणीवर (लिलावाने) दिलेली शेते, बैलांचे जोत हा सगळा जुना भाग. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला, 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा मालक मानला गेला. न्याय्यच झाले. पण तुकडे तुकडेच राहिले, मेरा (शेतांमधले छोटे बांध) तशाच राहिल्या, आणि खाणी, गोदी, हॉटेले यांनी शेतातले हात नेले. बैल पोसणे परवडेना. या पोकळीत लहान शेतकऱ्याच्या शेतात आधी उतरला तो पॉवर टिलर. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जपानी तंत्राचे टिलर देशातच बनू लागले होते आणि कोकणपट्टीच्या चिखलणीला ते सोयीचे पडले. त्याला मागे तीन टोके नसतात. पाती थेट यंत्रालाच जोडलेली असतात, माणूस मागून चालतो.

म्हणजे इथला शेतकरी लाकडी नांगरावरून एकदम फिरत्या पात्यांवर आला. पुढे बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर हवा झाला, तेव्हा त्याच्यामागेही पातीच हवी होती. 1980 च्या दशकात जपानी सहकार्यातून 18-19 अश्वशक्तीचे ट्रॅक्टर देशात मिळू लागले, 2010 च्या आसपास 15 अश्वशक्तीचे स्वस्त ट्रॅक्टर आले, मग 20-21 अश्वशक्तीचे चारही चाके ओढणारे. रोटाव्हेटर नांगरासारखा ट्रॅक्टरला मागे ओढत नाही, उलट त्याची पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. तिथे ओढ मोजणाऱ्या दांड्याला करण्यासारखे काही उरत नाही. खोली ठरते ती रोटाव्हेटरच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांवर. नांगरासाठी जन्मलेली जोडणी गोव्यात नुसती उचलण्याची खुंटी झाली. त्यात वाईट काही नाही. अवजार उचलून मेर ओलांडता येते, रस्त्याने नेता येते, फेरीबोटीत चढवता येते.

आता मूळ गुंत्याकडे. कॅटेगरी म्हणजे अश्वशक्ती नव्हे, हे आधी सांगायला हवे, कारण दुकानातही तसेच समजावले जाते. कॅटेगरी ठरते मापांवरून: खालच्या पिनांची जाडी, वरच्या पिनेची जाडी, खालच्या दोन टोकांमधले अंतर आणि टॉप लिंकच्या टोकाची उंची. कॅटेगरी एकमध्ये खालची पिन 22 मिलिमीटर, वरची 19. कॅटेगरी दोनमध्ये 28 आणि 25. पिन लहान आणि भोक मोठे असेल तर बुश (मधली नळी) घालून भागते, त्यात फारसा अनर्थ नाही.

अनर्थ अंतरात आहे. कॅटेगरी एकच्या अवजारावर खालच्या टोकांमध्ये 683 मिलिमीटर अंतर असते. 15 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या दोन टायरांमध्ये मोकळी जागाच इतकी अरुंद, की एवढे पसरलेले हात वर उचलताना टायरला घासू शकतात. म्हणून मापांच्या ठरलेल्या मानकात एक अरुंद उपप्रकार ठेवला गेला: ‘वन-एन’. अंतर 400 मिलिमीटर, पिना मात्र त्याच, 22 आणि 19. त्याहून लहान ‘झिरो’ नावाचा तिसराही प्रकार आहे, त्याच्या पिना सुमारे 16 मिलिमीटरच्या, बागकामाच्या ट्रॅक्टरांसाठीचा. तो निदान डोळ्यांना वेगळा दिसतो. ‘वन’ आणि ‘वन-एन’ हे मात्र भोकात पिन घालून पाहिले तर एकसारखेच. फरक जवळजवळ तीनशे मिलिमीटरचा, आणि तो कळतो अवजार दोन हातांच्या मध्ये उभे केल्यावर.

पिना बदलल्या असत्या तर चूक जोडण्याआधीच लक्षात आली असती, असे इथले वेल्डर म्हणतात. माप ठरवणाऱ्यांची बाजू अशी की पिनेची जाडी ताकदीशी बांधलेली आहे, आणि छोट्या ट्रॅक्टरलाही तेवढीच जाड पिन हवी. बाजू खोटी नाही. पण पत्रकातून ‘एन’ हे एक अक्षर गळते आणि पुढचा सगळा भार शेतकऱ्याच्या हातोड्यावर पडतो, तेव्हा ती बाजू पांगळी वाटते. काही ट्रॅक्टर दोन्ही अंतरे घेऊ शकतात, तसे त्यांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते. बाकीच्यांवर नुसते ‘वन’.

मग जुगाड होतो. चेक चेन, म्हणजे हातांचे आडवे हलणे रोखणाऱ्या साखळ्या, सैल सोडून हात बाहेर फाकवायचे आणि 683 च्या रोटाव्हेटरला ओढून बसवायचे. काम होते, एक हंगाम निघतोही. पण फाकवलेल्या हातांच्या टोकाच्या बॉलवर आडवा ताण येतो, चेन सैल राहिली तर रोटाव्हेटर डोलतो आणि एका टायरची रेघ न कुळवता मागे राहते. टॉप लिंकची उंची जुळत नसल्याने उचलताना अवजार पुढे कलते किंवा मागे लोंबते. मागे लोंबले की वजनाचा तोल बदलतो. हायड्रॉलिकची उचल क्षमता कागदावर कधी हातांच्या टोकाशी मोजलेली असते, कधी टोकांमागे 610 मिलिमीटरवर, आणि दुसरा आकडा साहजिकच कमी भरतो. सात-आठशे किलो वजनाच्या ट्रॅक्टरमागे जड अवजार लांब लोंबू लागले तर मेर चढताना पुढची चाके हलकी होतात. शंभर वर्षांपूर्वी ज्या उलटण्यावर ही जोडणी उपाय म्हणून आली, तिकडेच ती अशी परत नेते.

पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्याची, गोष्ट त्या मानाने सरळ आहे. इंजिनाची फिरक मागच्या अवजाराला देणारा दांडा असलेला ट्रॅक्टर 1918 मध्येच बाजारात आला होता, आणि कालांतराने मिनिटाला 540 फेरे आणि सहा खाचांचा 35 मिलिमीटरचा दांडा हे माप रूढ झाले. तिथे ‘एन’ नाही. दांडा लांब पडला तर कापून घेतात, पण कापताना आतल्या-बाहेरच्या नळ्या एकमेकींत पुरेशा राहिल्या पाहिजेत आणि दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत बसले पाहिजेत. नाहीतर अवजार उचलताच खडखड सुरू होते. वरचे संरक्षक आवरण काढून टाकायची खोड इथेही आहे. लुंगी किंवा सैल पँटचा पायचा गुंडाळला जायला क्षण पुरतो.

अलीकडच्या वर्षांत चित्र बदलले ते अनुदान आणि अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांमुळे. यांत्रिकीकरणाची केंद्रीय योजना 2014-15 पासून आहे, तिची वर्गवारी ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीवर आणि रोटाव्हेटरच्या फुटांवर चालते. मागच्या टोकांमधले अंतर त्यात कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर आणि अवजार एकाच विक्रेत्याकडून येते, जुळवणी त्याने करावी, असे यावर उत्तर मिळते. स्वतःच्या ट्रॅक्टरला स्वतःचाच रोटाव्हेटर लावणाऱ्यासाठी ते पुरेसे आहे. भाड्याच्या केंद्राचा हेतूच मुळी एकाचे अवजार दहा जणांना देण्याचा, तिथे ते लागू पडत नाही. शेतजमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध आणणारा गोव्याचा 2023 चा कायदा आल्यापासून पडीक शेते पुन्हा पिकाखाली आणण्याची चर्चा वाढली आहे. ते झाले तर एकाच अवजाराला अनेक ट्रॅक्टर मिळण्याचे प्रसंगही वाढतील.

वर्कशॉपवाल्यांनी यावर आपला तोडगा काढला आहे. रोटाव्हेटरच्या चौकटीवर 683 च्या कानांच्या (पिना बसणाऱ्या पट्ट्यांच्या) आत 400 वर आणखी दोन कान वेल्ड करायचे आणि टॉप लिंकसाठी खाली एक जास्तीचे भोक पाडायचे. पत्रा पातळ असेल तर आतून पट्टी देतात. मात्र कान मधोमध आले नाहीत तर पीटीओचा दांडा तिरका चालतो, म्हणून अंतर चौकटीच्या कडेपासून न घेता गिअरबॉक्सच्या मध्यापासून दोन्हीकडे दोनशे-दोनशे असे घेतात.