पर्यावरण व नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्राचे अध्ययन : ठाणे खाडीच्या आधारे

पर्यावरण व नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्र : हवा, पाणी, जंगल, मासळी, खनिजे माणसे कशी वापरतात, त्या वापराचा भार कुणावर पडतो आणि तो आवरायला कोणते नियम, कर किंवा हक्क उपयोगी पडतात, याचा विचार करणारी अर्थशास्त्राची शाखा. प्रदूषणासारख्या, बाजारात किंमत न लागणाऱ्या गोष्टी पर्यावरण अर्थशास्त्रात येतात. साठा आज किती वापरायचा आणि उद्यासाठी किती ठेवायचा, हा संसाधन अर्थशास्त्राचा प्रश्न. ठाणे आणि नवी मुंबई यांच्या कुशीतल्या सुमारे २६ किलोमीटर लांबीच्या खाडीत हे दोन्ही प्रश्न एकत्र भेटतात.

शिक्षणाची वाट सरळ आहे. पर्यावरणाचा प्राथमिक अभ्यास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पदवीच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना करावा लागतो. पर्यावरण अर्थशास्त्र मात्र बहुधा ऐच्छिक विषय म्हणून येते. ठाण्या-नवी मुंबईतला विद्यार्थी पदवीपर्यंत जवळच्या महाविद्यालयात शिकतो. पुढे १९२१ साली सुरू झालेला मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग कलिन्याला आहे आणि रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगावला. सूक्ष्म अर्थशास्त्र, कलनशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवर आर्थिक विधाने तपासण्याचे शास्त्र) पक्की नसेल तर पदव्युत्तर वर्गात दमछाक होते. एवढे पुरेसे मात्र नाही. खाडीतली गाळाची, प्राणवायूची, जिवांची मोजमापे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत होतात. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी झालेले खाडीचे काम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचले नाही, तर त्याची समीकरणे कोरडी राहतात.

सिद्धान्ताची सुरुवात बहुधा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगूपासून होते. कारखान्याच्या हिशेबात न दिसणारे आणि शेजाऱ्याला सोसावे लागणारे नुकसान, म्हणजे बाह्य परिणाम, कर लावून कारखान्याच्याच खात्यात आणावे, असा त्याचा १९२० चा विचार. १९६० मध्ये रोनाल्ड कोस यांनी प्रश्न फिरवला : हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना फारसा खर्च येत नसेल, तर दोन्ही पक्ष आपसांत तोडगा काढू शकतात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यासमोर उभे राहून हे दोन्ही विचार तपासावेत. एका काठाला शेकडो कारखाने, दोन्ही काठांना शहरांचे सांडपाणी आणि मध्ये विखुरलेले कोळीवाडे. अशा ठिकाणी वाटाघाटीला कोण कुणाच्या दारी जाणार? कोस यांची अट येथे पुरी होत नाही आणि ती का होत नाही, हे समजणे हाच त्यांचा खरा धडा आहे.

साठ्यांचे अर्थशास्त्र शिकायला रेती आणि खडी हाताशी आहेत. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्ये मांडले, की संपणाऱ्या खनिजाचा मालक दोन गोष्टी ताडून पाहतो : खनिज आज काढून पैसे व्याजाने लावावेत, की ते जमिनीतच ठेवून भाव वाढण्याची वाट पाहावी. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींना हा नियम लावताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. खाण चालवणारा डोंगराचा मालक नसतो, मुदतीचा पट्टेदार असतो. मुदतीनंतर उरलेला दगड त्याच्या कामाचा नाही, म्हणून तो थांबत नाही. रेतीचे वेगळे आहे. प्रवाहाबरोबर ती पुन्हा येते, पण आपल्या वेगाने. कळवा आणि मुंब्रा येथील रेतीबंदर ही नावे या धंद्याचे वय सांगतात. हातपाटी-डुबी पद्धतीत माणूस बुडी मारून बादलीने रेती काढतो, त्यामुळे उपशाला शरीराचीच मर्यादा असते. सक्शन पंपाने ती मर्यादा काढून टाकली. तंत्र बदलले की नवीकरणीय साठासुद्धा संपणारा होतो, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके आलेखात दिसत नाही.

मासेमारीचा भाग सर्वांत काळजीने शिकवायला हवा. स्कॉट गॉर्डन यांचे १९५४ चे प्रतिमान सांगते, की कुणालाही मुक्त असलेल्या पाण्यात नफा शून्यावर येईपर्यंत होड्या वाढत जातात आणि साठा घटतो. खोल समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला ते पुष्कळ लागू पडते; महाराष्ट्रातली १ जून ते ३१ जुलैची बंदी साठा राखण्यासाठीच असते. ठाणे खाडीत मात्र हे प्रतिमान जसेच्या तसे वापरले तर दोष भलत्याच्याच माथी जातो. येथे बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या कमी झाल्या त्यामागे रसायने, सांडपाणी, भराव आणि वाढता गाळ आहे. म्हणजे संसाधनाचा प्रश्न दिसतो तो मुळात बाह्य परिणामाचा आहे. शिवाय पाणी कधी पूर्ण मुक्त नव्हते. किनाऱ्यावर डोल जाळी (प्रवाहात एका जागी रोवून लावायची जाळी) लावण्याच्या जागा गावकीने ठरवण्याची रीत होती. अशा सामाईक नियमांवरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. या खाडीकाठी शिकणाऱ्याने गॉर्डनच्या आधी ऑस्ट्रॉम वाचावी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

मूल्यमापन, म्हणजे निसर्गाची किंमत रुपयांत काढणे, हा अभ्यासक्रमाचा सर्वांत वादाचा भाग. घोडबंदर रस्त्यावर किंवा सीवूड्सला खाडी दिसणाऱ्या सदनिकेला जादा दर पडतो. त्या जादा दरातून दृश्याची आणि हवेची किंमत काढता येते. ऐरोलीहून बोटीने रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांचा प्रवासखर्च आणि वेळ मोजूनही एक आकडा निघतो. खाडीतले अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, सुमारे १,६९० हेक्टरचे. २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण रोहित आले म्हणजे पाणी निर्मळ झाले असे नव्हे. त्यांचे खाद्य असलेले शेवाळ सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवरही वाढते. पर्यटकाच्या तिकिटातून निघालेला आकडा मासळीचे काहीच सांगत नाही.

तिसरी पद्धत लोकांना थेट विचारण्याची : खाडी स्वच्छ व्हावी म्हणून तुम्ही महिन्याला किती द्याल? कोळीवाड्यात यावर उलटा प्रश्न येऊ शकतो : घाण दुसऱ्याने केली, पैसे आम्ही का द्यायचे? पाठ्यपुस्तके याला निषेधाचे उत्तर म्हणतात आणि बऱ्याचदा हिशेबातून वगळतात. वास्तविक उत्तर देणाऱ्याने अर्थशास्त्राचा मूळ मुद्दा पकडलेला असतो. ‘किती द्याल’ विचारताना खाडी दुसऱ्याची मानली जाते. ‘ती गमावण्याबद्दल किती घ्याल’ विचारताना ती उत्तर देणाऱ्याची मानली जाते. दोन प्रश्नांचे आकडे सहसा जुळत नाहीत, दुसरा बराच मोठा येतो. कोणता प्रश्न विचारायचा हे गणित ठरवत नाही, हक्क ठरवतो. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी मच्छीमारांच्या भरपाईचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तोही याच मुद्द्यावर उभा होता.

तिवरांच्या (खारफुटीच्या) बाबतीत हीच गोष्ट रुपयांत दिसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर सरकारी जमिनीवरच्या तिवरांना वनाचा दर्जा मिळत गेला. वनजमीन प्रकल्पाला देताना तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्या वनापासून पुढे मिळू शकणाऱ्या लाभांची आजची किंमत, भरावे लागते. कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामावर आधारलेले त्याचे दर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरवले. पुढे ते वाढले. अर्थशास्त्रज्ञांचे काम कायद्यात उतरल्याचे हे देशातले ठळक उदाहरण. मात्र हा पैसा भरपाई वनीकरणाच्या निधीत जातो. त्या तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या धरणाऱ्या बाईच्या घरी तो पोचत नाही. विद्यार्थ्याने आकड्याइतकाच हा प्रवासही तपासला पाहिजे.

पाण्याचा प्रश्नही याच चाकोरीतला. नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे. ठाण्याला भातसेचे पाणी मिळते. त्याच भातसेच्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावपाड्यांना टँकर लागतो. शहरातल्या पाणीपट्टीत धरणाकाठच्या तहानेची किंमत धरलेली नसते.

पदवीनंतरच्या कामांत पर्यावरण आघात मूल्यांकन, कंपन्यांचे शाश्वततेचे अहवाल, कर्ब बाजार (कार्बन उत्सर्जनाच्या हक्कांची खरेदी-विक्री) आणि संशोधन ही क्षेत्रे येतात. त्यांबद्दल माहिती सहज मिळते.

क्षेत्रपाहणीबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. बरीचशी पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत आणि मुलाखत आगरी-कोळी बोलीत होते, म्हणून प्रश्नावली आधी चार घरांत बोलून पाहावी. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचे दिवस टिपून ठेवावेत, कारण भरती-ओहोटीप्रमाणे होडीची वेळ बदलते आणि माणूस घरी सापडत नाही. विक्रीचा भाव विचारताना महिना लिहावा. श्रावणात मासळीला गिऱ्हाईक कमी असते आणि नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. त्या एका महिन्याचा आकडा बाराने गुणला तर घराचे वर्षाचे उत्पन्न चुकीचे निघते.