110 वरून 55, 55 वरून 30: उच्चायोगातली कपात आणि मराठवाडा

नांदेडहून सुटणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दिल्ली गाठते आणि पुढे अमृतसरला जाते. अमृतसरहून अटारीची सरहद्द जवळच. कराचीत नातलग असलेल्या मराठवाड्यातल्या माणसांना ही गाडी दोनदा उपयोगी पडायची. आधी व्हिसासाठी दिल्लीत उतरायला, आणि व्हिसा मिळालाच तर सरहद्दीपर्यंत जायला. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद: तिकडून आलेलं बोलावण्याचं पत्र, पत्र पाठवणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो, पासपोर्ट.

ही नाती जुनी आहेत. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. निजामाचं राज्य संपवणाऱ्या भारतीय लष्कराच्या ‘पोलीस कारवाई’च्या आगेमागे इथली अनेक मुस्लीम कुटुंबं कराचीला गेली. भाऊ तिकडे, बहीण इकडे, असं कितीतरी घरांत झालं. म्हणून दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायोगात (राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडच्या दूतावासाला उच्चायोग म्हणतात) माणसं किती, हा प्रश्न आमच्याकडे निव्वळ परराष्ट्र धोरणाचा कधीच नव्हता.

संबंध बिघडले की दूतावास एकदम बंद होत नाही, त्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात. 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देश एखाद्या अधिकाऱ्याला कारण न देता ‘अस्वीकार्य’ ठरवू शकतो, आणि दूतावासातली संख्या मर्यादेत ठेवायलाही सांगू शकतो. संबंध तोडणं ही शेवटची पायरी. भारत-पाकिस्तानने ती 1971 च्या युद्धात गाठली होती. 1976 मध्ये राजदूत पुन्हा नेमले जाईपर्यंत एकमेकांच्या हितसंबंधांची देखभाल स्वित्झर्लंडकडे होती. (पाकिस्तान 1972 मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडला होता, म्हणून तेव्हा ‘राजदूत’. 1989 मध्ये तो परतला आणि ‘उच्चायुक्त’ हा शब्दही परतला.)

आजची आकड्यांची उतरण सुरू झाली संसदेवरच्या हल्ल्यानंतर. भारताने इस्लामाबादहून उच्चायुक्त विजय नंबियार यांना परत बोलावलं. 27 डिसेंबर 2001 ला परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह यांनी पाकिस्तानी उच्चायोगातली माणसं निम्म्यावर आणण्याची घोषणा केली. 110 चे 55 झाले. समझोता एक्सप्रेस आणि दिल्ली-लाहोर बसही थांबली. 2003 मध्ये संबंध सुधारू लागले, उच्चायुक्त परतले, आणि संख्याही पुढे 110 वर गेली.

ऑगस्ट 2019 मध्ये कलम 370 च्या निर्णयानंतर पाकिस्तानने भारताचे उच्चायुक्त अजय बिसारिया यांना परत पाठवलं. तेव्हापासून दोन्हीकडे उच्चायुक्त नाही, प्रभारी अधिकारी काम बघतात. जून 2020 मध्ये हेरगिरीच्या आरोपांवरून पुन्हा 110 चे 55. पहलगामच्या हल्ल्यानंतर 23 एप्रिल 2025 ला भारताने ही संख्या 30 वर आणायला सांगितलं, तिथल्या संरक्षण सल्लागारांना घालवलं, अटारी बंद केली. आधी दिलेले व्हिसाही पाठोपाठ रद्द केले. पाकिस्ताननेही तसंच उत्तर दिलं.

पहलगामनंतर कठोर पाऊल उचलणं भाग होतं, याबद्दल मला शंका नाही. पण कपातीचा भार सारखा पडत नाही. राजकीय निरोप द्यायला एक अधिकारी पुरतो, व्हिसाच्या खिडकीचं काम मात्र माणसं कमी झाली की रखडतं. शिवाय कराचीतला आपला वाणिज्य दूतावास 1994 पासून बंद आहे आणि मुंबईत पाकिस्तानचं कार्यालय नाही. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बाईलाही दिल्लीशिवाय दुसरा रस्ता नव्हता. व्हिसाही साऱ्या देशाचा नसे. त्यावर शहरांची नावं लिहिलेली असत, 1974 च्या करारानुसार तीन, 2012 पासून पाच. तिकडे पोहोचल्यावर पोलिसांत नोंद करायची ती वेगळीच.

तरीही एक काम आजवर थांबलेलं नाही. 2008 च्या करारानुसार दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्यांत मोठा भरणा मच्छीमारांचा. यादी देणं कागदाचं काम आहे. पण तुरुंगात जाऊन त्या माणसाला भेटायचं, त्याच्याकडून गावाचं नाव काढून घ्यायचं आणि तो आपलाच आहे याची खातरजमा घडवून आणायची, ही कामं त्या उरलेल्या तीस जणांतूनच कुणाला तरी करावी लागतात.