गाठ (कापसाची)

गाठ : सरकी काढलेली रुई यंत्राने दाबून, कापडात गुंडाळून आणि पट्ट्यांनी आवळून केलेला साधारण मीटरभर लांबीचा ठोकळा. भारतात गाठीचे प्रमाण वजन 170 किलो धरतात. वऱ्हाडातल्या बोलण्यात ‘कापूस’ म्हणजे बोंडातून वेचलेला, सरकीसकटचा माल आणि ‘रुई’ म्हणजे सरकी काढल्यावर उरलेले तंतू. या दोहोंची गल्लत झाली की भावाचे सगळेच हिशेब बिघडतात. 5 क्विंटल कापसातून जेमतेम 1 गाठ निघते.

शेतकरी कापूस क्विंटलने विकतो, जिनमधून (सरकी काढण्याच्या कारखान्यातून) तो गाठींनी बाहेर पडतो आणि रुईचा सौदा मात्र खंडीने होतो. ही खंडी 784 पौंडांची, म्हणजे 355.62 किलोची. जुना मुंबई मण 28 पौंडांचा होता आणि कापसाची खंडी अशा 28 मणांची. धान्याची खंडी सहसा 20 मणांची असे, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची खंडी आणि बाजारभावातली खंडी एक समजू नये. देशाने दशमान मापे स्वीकारून साठ वर्षे उलटली, पौंड गेला, मण गेला, पण कापसाची खंडी हटली नाही. आजही सूतगिरणीचा माणूस भाव विचारतो तो खंडीचाच.

पूर्वी गाठीचे निव्वळ वजन 392 पौंड धरत. हा आकडा अडनिडा वाटतो, पण तो बरोबर अर्ध्या खंडीचा आहे. दोन गाठी म्हणजे एक खंडी, इतका सोपा हिशेब होता. 170 किलोची गाठ आली आणि तो मोडला. आता एका खंडीत 2.09 गाठी बसतात. अमेरिकी गाठ 480 पौंडांची, म्हणजे सुमारे 218 किलोची. म्हणून ‘भारतात इतक्या लाख गाठी, अमेरिकेत तितक्या’ अशी तुलना वाचताना आधी गाठ कोणाची ते पाहावे. आपल्या 100 गाठी त्यांच्या 78 होतात.

कापसापासून गाठीपर्यंत : वऱ्हाडात वेचणीआधी शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिला वेचा सुरू होतो. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडांच्या) ओळीने जातात. दव उडाल्यावरच वेचायला घ्यावे, हा नियम घरोघर माहीत असतो, पण मजुरी किलोवर असल्याने तो पाळला जातोच असे नाही. भल्या सकाळी वेचलेला माल जड भरतो. किडका, पिवळा पडलेला कवडी कापूस वेगळ्या पोत्यात ठेवायचा असतो. एकत्र केला तर भाव सगळ्याच मालाचा पडतो.

बाजारात ओलावा पाहतात. सरकारी खरेदीत 8 टक्के हा पाया. त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत माल घेतात, पण ओलाव्याच्या प्रमाणात पैसे कापून. जिनमध्ये कापसाच्या गंज्या मारून ठेवतात. ओल्या मालाची गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते आणि सरकीची उगवणही जाते. गंजीत कोपरापर्यंत हात घालून ऊब तपासणारा जुना माणूस जिनमध्ये असतोच, आणि ओलावामापकाचा आकडा गंजीच्या वरच्या थरातला असल्यामुळे त्या माणसाचे ऐकावे.

विदर्भात दुहेरी रोलरचे जिन सर्वत्र आहेत. प्रत्येक यंत्रात चामड्याच्या चकत्यांचे दोन रोळ असतात, त्यांना घासून स्थिर पाती बसवलेली असते आणि मधोमध एक पाते खालीवर हलत राहते. चामडे तंतू धरून पातीखालून ओढते, सरकी पातीपलीकडे येऊ शकत नाही, हलते पाते तिला ठोकून खाली पाडते. सगळे गणित रोळ आणि पाती यांच्या दाबाचे. दाब जास्त झाला की रोळ तापतो, तंतू करपतो. कमी झाला की सरकीवर तंतू राहतात, उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचे प्रमाण) घटतो. रोळावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की यंत्र फिरत राहते पण काम निम्मे होते. कापूस ओला असेल तर तो गोळ्यांनी आत जातो, सरकी फुटते आणि तिची तेलकट टरफले रुईत मिसळतात. ही टरफले सूत कातताना तुटीचे मोठे कारण ठरतात. फार कोरडा माल, 5 टक्क्यांखालचा, वेगळा त्रास देतो. तंतू तुटतो, लांबी घटते, आणि दाबताना रुई उसळते ती पट्ट्या तोडण्याइतकी. म्हणून उन्हाळ्यात प्रेसला (गाठ दाबण्याच्या यंत्राला) रुई घालण्यापूर्वी तिला हलका दमटपणा देतात. हलका दमटपणा आणि वजनासाठी पाणी मारणे यांतली सीमा कुठे आहे हे प्रेसवाल्यांना ठाऊक असते.

प्रेसमध्ये रुई पेटीत थराथराने ठोकून भरतात, मग तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या ती आवळतो. दाब कायम असतानाच कापड गुंडाळायचे आणि पट्ट्या बांधायच्या. दट्ट्या सुटल्यावर गाठ थोडी फुगते, ती फुगण्याची जागा धरूनच पट्टीची लांबी ठरवतात. पूर्वी वेष्टन तागाचे असे. तागाचे धागे रुईत मिसळतात आणि रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या ठिपक्यांनी उमटतात, म्हणून आता सुती कापड वापरतात. त्याहून वाईट प्लास्टिकच्या पोत्यांचे धागे. शेतातून कापूस ज्या पोत्यात येतो त्याचा एक धागा पिंजणीत तुकडे तुकडे होऊन शेकडो मीटर सूत खराब करतो. केस, विड्यांची थोटके, रंगीत चिंध्या हे सगळे गाठीत सापडते. वेचणीच्या वेळी डोक्याला सुती रुमाल बांधायला सांगतात त्यामागे हेच कारण.

जिनमधल्या आगी बहुधा खड्यामुळे किंवा लोखंडाच्या तुकड्यामुळे लागतात. पात्यावर ठिणगी उडते. ज्वाळा विझल्यावर खरा धोका सुरू होतो, कारण धुमसणारा पुंजका गाठीत दाबला गेला तर तो कित्येक दिवस आतल्या आत जळत राहतो. वरून पाणी मारून उपयोग नाही, दाबलेल्या रुईत पाणी शिरतच नाही. आग लागली त्या दिवशीच्या गाठी इतरांपासून दूर, उघड्यावर ठेवतात.

उताऱ्याचा हिशेब : 100 किलो कापसातून साधारण 34 किलो रुई, 64 किलो सरकी आणि 2 किलो घट. उतारा एक टक्क्याने हलला तर काय होते ते उदाहरणाने कळते. कापूस ₹7,000 क्विंटल, सरकी ₹3,500 क्विंटल आणि जिनिंग-प्रेसिंगचा खर्च क्विंटलमागे ₹300 धरला (आकडे केवळ समजण्यापुरते), तर 34 टक्के उताऱ्याला रुई खंडीला सुमारे ₹52,925 ला पडते. उतारा 33 आणि सरकी 65 किलो झाली की तीच खंडी ₹54,150 वर जाते. म्हणजे सव्वाबाराशेचा फरक. बाजारात व्यापारी मूठभर कापूस बोटांनी पिंजून, सरकी चोळून पाहतो तेव्हा तो हा एक टक्का शोधत असतो. सरकी आणि तिची ढेप (पेंड) महाग असली की कमी उताऱ्याचा मालही उचलला जातो, हे शेतकऱ्याला अनेकदा कोणी सांगत नाही.

इतिहास : सरकी काढण्याचे साधे यंत्र आपल्याकडे फार जुने. अजिंठ्याच्या एका चित्रात सरकी काढणारी बाई अभ्यासकांनी ओळखली आहे. या यंत्रावर, म्हणजे चरकीवर, रुई निघे, पण ती दाबायला यंत्र नव्हते, आणि रुई जागा फार खाते. रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने कलकत्त्याला. 1842 मध्ये एका व्यापाऱ्याने अमरावतीहून 1 लाख बैलांचा माल कलकत्त्याकडे पाठवला, असे जुन्या गॅझेटियरात नोंदले आहे. वाटेत पाऊस, धूळ, चारा. माल पोचेपर्यंत त्याचा रंग उरत नसे.

1853 मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांनी हिंदुस्थानकडे पाहिले. ‘या लढाईसाठी इंग्रजांनी वऱ्हाडात रेल्वे आणली’ असे हौसेने सांगितले जाते, पण तारखा जुळत नाहीत. लढाई 1865 मध्ये संपली. लोहमार्ग नागपूरला 1867 मध्ये पोचला, आणि मुख्य मार्गाने खामगाव आणि अमरावती हे दोन्ही मोठे बाजार बाजूलाच ठेवले होते. जलंबहून खामगावला 13 किलोमीटरचा फाटा 1870 मध्ये झाला, बडनेऱ्याहून अमरावतीचा त्यानंतर. म्हणजे तेजीच्या काळात या बाजारांतला माल निदान पहिल्या टप्प्यात बैलगाडीनेच निघत होता. खामगावच्या फाट्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय का, याचे उत्तर त्याच वर्षी इंग्लंडहून मुंबईला जोडल्या गेलेल्या तारायंत्राच्या समुद्री तारेत आहे. खामगावचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव आता दिवसांच्या अंतरावर आले होते.

रेल्वे आणि जहाज दोन्ही जागेचे पैसे घेतात. त्यामुळे रूळ आले तिथे प्रेस आली. आधी सैल गाठ बांधून मुंबईला पुन्हा दाबत, पुढे पूर्ण दाबाची गाठ गावातच होऊ लागली. मुंबईचा कापूसबाजार आधी कुलाब्याला होता, नंतर शिवडीकडे हलला. लोकलच्या कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव तिथूनच आले.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी 1866 मध्ये नेमलेला कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कारनॅक यालाच नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिलावर्तुळांचे पहिल्या अभ्यासकांपैकी एक मानतात. कापसाच्या कामात तो इतका यशस्वी ठरला नाही. हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या ‘बनी’ वाणाला लिव्हरपूलमध्ये नाव होते, ते टिकावे अशी सरकारची धडपड होती. शेतकऱ्यांनी मात्र आखूड धाग्याची, पण जास्त उतारा देणारी ‘जरी’ पेरली. गुणवत्तेला वेगळा भाव मिळत नसेल तर वजनाला मिळणारा भावच पीक ठरवतो, आणि त्यात शेतकऱ्याची चूक काढता येत नाही.

भेसळ जुनीच. मुंबई सरकारने 1863 मध्येच कापूस फसवणुकीविरुद्ध कायदा केला होता. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक घालणे बंधनकारक झाले. बाहेर चांगली रुई आणि आत कवडी भरलेली गाठ गिरणीत फोडली तरी ती कुठल्या जिनची, हे त्यामुळे सांगता येऊ लागले.

नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले, म्हणून गिरणीचे हे नाव. जमशेटजी टाटांनी ती मुंबईला न काढता नागपूरला काढली, कारण कापूस इथे होता.

मूर्तिजापूर–यवतमाळ (113 किमी) आणि मूर्तिजापूर–अचलपूर (76 किमी) ही 762 मिमी रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे, ‘शकुंतला’, हीही गाठींसाठीच बांधली गेली. तिच्याबद्दल ‘इंग्रजांना अजून भाडे जाते’ असे सांगतात. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि व्यवस्थापन किलिक निक्सन या पेढीकडे होते. पेढी इंग्रजांनी काढलेली खरी, पण मुंबईची. गाड्या चालवायचे काम मात्र भारतीय रेल्वेचे होते. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत धावले, मग त्याच्या जागी डिझेल आले.