मैदान शहराचे, संघ परगावचे

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात लीजन फील्ड नावाचे अमेरिकन फुटबॉलचे जुने स्टेडियम आहे. ‘दक्षिणेची फुटबॉल राजधानी’ हे बिरुद त्याच्या दर्शनी भागावर कित्येक वर्षे मिरवत होते. गंमत अशी, की ज्या दोन कॉलेज संघांच्या जिवावर ते मिळाले, त्यांतला एकही बर्मिंगहॅमचा नव्हता. अलाबामा विद्यापीठ सुमारे ९० किलोमीटरवर टस्कलूसात आणि ऑबर्न विद्यापीठ त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर.

मग खेळ इथे का? कारण पैसा आणि माणसे इथे होती. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी एकाच परिसरात सापडल्याने १८७१ मध्ये वसलेले हे शहर पोलादाच्या भट्ट्यांवर भराभर वाढले. विद्यापीठांची गावे लहान, मैदानेही लहान. १९२९ मध्ये टस्कलूसात उभे राहिलेले स्टेडियम जेमतेम १२ हजार प्रेक्षकांचे होते. त्याआधी दोनच वर्षे, नोव्हेंबर १९२७ मध्ये, बर्मिंगहॅमने २१ हजारांचे लीजन फील्ड खुले केले होते. पुढे वाढत वाढत ते ८० हजारांच्या वर गेले.

शहराच्या वाट्याला खरे वैभव आले ते ‘आयर्न बोल’मुळे, म्हणजे अलाबामा-ऑबर्न यांच्या वार्षिक सामन्यामुळे. या दोन संघांची पहिली लढत १८९३ मध्ये बर्मिंगहॅमच्याच लेकव्ह्यू पार्कात झाली होती. १९०७ च्या ६-६ बरोबरीनंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंच कोण, यावरून बिनसले आणि तब्बल ४१ वर्षे सामनाच झाला नाही. १९४८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तोही लीजन फील्डवर, आणि १९८८ पर्यंत दरवर्षी तिथेच होत राहिला. तिकिटे निम्मी-निम्मी, म्हणजे निम्मे स्टेडियम अलाबामाचे किरमिजी, निम्मे ऑबर्नचे निळे-नारिंगी. १९७२ चा सामना ऑबर्नवाले आजही तोंडपाठ सांगतात. अलाबामा १६-३ ने पुढे, सामना संपत आलेला. अलाबामाने चेंडू दूर लाथाडायला घेतला, तर बिल न्यूटनने तो अडवला आणि डेव्हिड लँगनरने उचलून थेट गोलरेषेपार पळवला. थोड्या वेळाने पुन्हा तेच, तेच दोघे! ऑबर्न १७-१६ ने जिंकले.

याच मैदानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळू नये, असा नियमच एकेकाळी बर्मिंगहॅममध्ये होता. सप्टेंबर १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मिश्र संघाने इथे अलाबामाच्या सर्व गोऱ्या संघाला ४२-२१ असे हरवले. सॅम कनिंगहॅम या त्यांच्या कृष्णवर्णीय खेळाडूने चेंडू घेऊन धावत १३५ यार्ड कापले. त्या एका संध्याकाळीच अलाबामाचे दरवाजे उघडले, ही मात्र दंतकथा. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला विद्यापीठाने आधीच घेतले होते. पहिल्या वर्षाला असल्याने तो उतरू शकत नव्हता, इतकेच.

‘तटस्थ मैदान’ हा शब्द ऑबर्नला कायम खुपत असे, आणि त्यात तथ्य होते. अलाबामा आपले इतर मोठे सामनेही तिथेच खेळे. मग ते तटस्थ कसे? १९८७ मध्ये ऑबर्नचे स्वतःचे स्टेडियम ८५ हजारांचे झाले आणि सामना आपल्या मैदानावरही व्हावा, हे ऑबर्नचे प्रशिक्षक पॅट डाय यांचे म्हणणे डावलणे अवघड झाले. १९८९ मध्ये अलाबामा प्रथमच ऑबर्नला खेळायला गेले आणि ३०-२० ने हरले. टस्कलूसाचे स्टेडियमही वाढत होतेच. १९९८ नंतर आयर्न बोल लीजन फील्डवर झाला नाही. एसईसी या दक्षिणेतील विद्यापीठांच्या गटाचा पहिला अजिंक्यपद सामना १९९२ मध्ये इथेच झाला होता, पण दोनच वर्षांत तोही अटलांटाच्या बंदिस्त डोमने नेला. लीजन फील्डचा वरचा सज्जा कमकुवत झाल्याने २००५ मध्ये उतरवावा लागला.

शहराचा स्वतःचा म्हणावा असा संघ आला तो फार उशिरा. यूएबी, म्हणजे बर्मिंगहॅममधील अलाबामा विद्यापीठाने १९९१ मध्ये फुटबॉल सुरू केला. डिसेंबर २०१४ मध्ये खर्चाचे कारण देऊन तो बंद केला. ओरड झाल्यावर सहा महिन्यांत निर्णय फिरवला, आणि २०१७ मध्ये संघ पुन्हा उतरला. ऑक्टोबर २०२१ पासून तो शहराच्या मध्यभागातील ४७ हजारांच्या प्रोटेक्टिव्ह स्टेडियममध्ये खेळतो.

त्यानंतरही लीजन फील्डवर गर्दी खेचत राहिला तो ‘मॅजिक सिटी क्लासिक’, अलाबामा ए अँड एम आणि अलाबामा स्टेट या दोन कृष्णवर्णीय परंपरेच्या विद्यापीठांचा सामना. त्यांतले एक हंट्सव्हिलचे, दुसरे माँटगोमेरीचे.