चेकची फिर्याद ऑनलाइन भरताना : कोर्ट, केस टाइप आणि तारीख

मोंढ्यात सोयाबीन घातलं, अडत्यानं चेक दिला आणि चेक न वटता परत आला. अशा फिर्यादी कोर्टाच्या ई-फायलिंग पोर्टलवर भरणं हे परभणीत माझं रोजचं काम. फिर्याद परत येते तेव्हा कायद्याचा मुद्दा क्वचितच असतो. चुकलेलं असतं ते कोर्ट, केस टाइप नाहीतर तारीख.

ज्याच्या नावाने चेक आहे त्याला वकिलामार्फत किंवा स्वतः फिर्याद करता येते. खातं मोबाईलवर आलेल्या ओटीपीने उघडतं. वकिलांनी सनदेचा क्रमांक 'एमएएच, नंबर, वर्ष' असा सनदेवर आहे तसाच भरावा.

कोर्ट निवडताना सर्वांत जास्त घोळ होतो. अडत्या परभणीचा, माल परभणीत दिला, म्हणून लोक परभणी निवडतात. पण चेकच्या कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर खात्यात भरलेल्या चेकची फिर्याद तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिच्या हद्दीतल्या कोर्टात करायची. खातं सेलूच्या शाखेत असेल तर कोर्ट सेलूचंच, चेक परभणीच्या शाखेत नेऊन टाकला असला तरी. म्हणून पासबुकाचं शाखेचं नाव असलेलं पहिलं पान जोडाच.

केस टाइप 'एससीसी', म्हणजे समरी क्रिमिनल केस. शेजारच्या 'आरसीसी'वर (रेग्युलर क्रिमिनल केस) बोट पडतं, नीट बघा. कायदा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, 1881 यादीतूनच निवडा आणि कलमाच्या रकान्यात फक्त 138 लिहा.

आता तारखा. चेक परत गेल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून अडत्याला पैसे द्यायला 15 दिवस. ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. मेमो, म्हणजे चेक परत गेल्याची बँकेची चिठ्ठी, 5 मार्चला मिळाला तर नोटीस 4 एप्रिलपर्यंत. ती 10 एप्रिलला पोचली तर त्याची मुदत 25 एप्रिलला संपते आणि तुमचा महिना त्यानंतर सुरू होतो. काही जण हा महिना नोटीस टाकल्या दिवसापासून मोजून हातपाय गाळतात, तर काही जण 15 दिवस संपायच्या आधीच फिर्याद भरून मोकळे होतात. ती टिकत नाही. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीचे 30 दिवस हुकले तर तशी सोय नाही.

मागच्या हंगामात एक म्हातारे शेतकरी पिशवीतून मेमो काढून पुढे ठेवत म्हणाले, "बापू, हा मला आठ दिवसांनी दिला." कागदावर जुनीच तारीख, हातात दिल्याची नोंद कुठेच नाही. शाखेनं एक शिक्का मारला असता तर त्यांचे ते आठ दिवस वाचले असते. लोकांनी विनवण्या कराव्या आणि काउंटरवरच्यांनी मान हलवावी, हे बघून संताप येतो. मेमो घेतानाच शिक्का आणि तारीख मागा, निघू नका.

मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती, प्रतिज्ञापत्र आणि वकील असतील तर वकीलपत्र लागतं. नोटीस पोचल्याचा पुरावा मात्र बहुतेकांकडे नसतो. पोस्टाच्या साइटवरून ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढून ठेवा आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 (4) चं प्रमाणपत्र लावा. जुन्या पुरावा कायद्यातला 65-ब चा नमुना आता वापरू नका. नव्यात भाग अ आणि भाग ब दोन्ही भरायचे असतात.

सगळं भरून झालं की थांबू नका. ड्राफ्टमध्ये पडलेली फिर्याद दाखल झालेली नसते. सबमिट केल्यावरही रोज खातं उघडून बघा. 'डिफेक्टिव्ह केसेस'मध्ये गेली असेल तर त्रुटी तिथेच लिहिलेली असते, दुरुस्ती लगेच करा. नोंद झाली की 16 अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा ओळख क्रमांक मिळतो. तो पासबुकाच्या मागे पेनानं लिहून घ्या, पुढच्या प्रत्येक तारखेला तोच विचारतात.