खाणीचा बिल्ला की दुकानदाराचं टोकन?

1787 साली वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या तांब्याच्या खाणीने आपल्याच तांब्याची पेनी पाडली. एका बाजूला दाढीवाल्या ड्रुइडचं, म्हणजे प्राचीन केल्ट पुजाऱ्याचं, डोकं, दुसऱ्या बाजूला बदल्यात पैसे देण्याचं वचन. सरकारी सुट्ट्या नाण्यांची टंचाई होती, म्हणून ती चालली. खाणगावचं टोकन म्हटलं की संग्राहकांना असंच काहीतरी हवं असतं, आणि घोळ तिथेच होतो. सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लोखंडाच्या खाणींकडे सापडणारी चकती सहसा त्या जातीची नसते.

पैसा म्हणून वापरायचे धातूचे तुकडे खासगी माणसाने पाडायला ब्रिटिश हिंदुस्थानात 1889 च्या कायद्याने बंदी आली. तो कायदा थेट 2011 च्या नाणे कायद्याने रद्द झाला. मी या बंदीवर अडून बसतो, कारण सगळा भाव तिच्यावर ठरतो. नुसता आकडा असेल तर तो हजेरीचा बिल्ला. ‘चहा’ किंवा ‘जेवण’ कोरलेलं असेल तर कॅन्टीनचं कूपन. ज्यावर रक्कम आहे आणि जे देऊन दुकानात माल मिळायचा, तेच व्यापारी टोकन, आणि बंदीमुळे दुर्मीळ तेच. विक्रेते तिन्ही एका भावात खपवतात, हे चूक आहे. ‘खाणकामगाराच्या दिव्याचा बिल्ला, रेडी’ असं कोणी सांगितलं तर घेऊच नका. इथलं लोखंड उघड्या खाणीतलं, दिवा घेऊन खाली उतरायचंच नव्हतं. तसले बिल्ले कोलार किंवा झरियासारख्या भुयारी खाणींचे.

गोव्यातल्या डिचोलीच्या खाणींकडची गोष्ट वेगळी. डिसेंबर 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे 1889 ची बंदी लागू नव्हती. हिशेब सोळा तांगांच्या रुपियाचा, नंतर 1958 पासून एस्कुदोचा.

काळ ठरवायला ‘नये पैसे’ हा शब्द सगळ्यात भरवशाचा: 1957 ते 1964. ‘आणे’ मात्र फसवतात. दशमान पद्धत 1 एप्रिल 1957 ला आली, तरी चार आणे, आठ आणे लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

वेंगुर्ल्यात एका घरी मला पितळी बिल्ला दाखवला, आदल्या दिवशी आमसुलाने घासून लखलखीत केलेला. जुना रंग गेला की किंमतही उतरते, ते बोलायला जीव झाला नाही. पण भोक एका अंगाला लांबट झिजलं होतं, वर्षानुवर्षं खिळ्याला टांगल्यासारखं. आकडा 214. रक्कम कुठेच नव्हती.