सोनेरी घुमटावरील मरियामाता

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, साउथ बेंड शहरालगत असलेल्या नोटर डेम विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या घुमटावर मरियामातेचा जो पुतळा आज दिसतो, तो तेथील पहिला पुतळा नव्हे. होली क्रॉस या कॅथलिक धर्मसंघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, नोव्हेंबर १८४२ मध्ये, तळ्याकाठच्या मिशनच्या जमिनीवर ही संस्था सुरू केली आणि ती मरियेच्या नावे अर्पण केली. पुढे मुख्य इमारतीवर घुमट चढवून त्यावर मरियेचा पुतळा बसवण्यात आला व ३१ मे १८६६ रोजी बाल्टिमोरच्या आर्चबिशपांच्या हस्ते त्याचा आशीर्वादविधी झाला. २३ एप्रिल १८७९ रोजी लागलेल्या आगीत ही इमारत भस्मसात झाली आणि तिच्याबरोबर तो पुतळाही कोसळला.

वास्तुशिल्पी विलोबी एडब्रुक यांच्या आराखड्यानुसार नवी इमारत इतक्या झपाट्याने उभी राहिली, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वर्ग भरले. घुमट पुरा व्हायला मात्र आणखी काही वर्षे लागली. नव्या पुतळ्यासाठी रोममधील स्पॅनिश चौकातल्या स्तंभावरील मरियेची मूर्ती आदर्श मानण्यात आली. मरिया तिच्या आईच्या उदरात आली तीच मूळ पापाच्या (आदामापासून प्रत्येक माणसाला जन्मतः चिकटते असे मानलेल्या पापाच्या) कलंकाविना, हा सिद्धांत पोप पायस (नववे) यांनी १८५४ मध्ये अधिकृतपणे घोषित केला होता (तो येशूच्या कुमारीजन्माविषयी आहे, असा गैरसमज अनेकदा होतो), आणि त्याचे स्मारक म्हणून तो स्तंभ १८५७ मध्ये उभारला गेला. सोरिन यांच्या पिढीच्या कॅथलिकांना ही घटना ताजी होती. शिवाय प्रॉटेस्टंट बहुसंख्य असलेल्या देशात रोमशी असलेली निष्ठा इतक्या उंचावर उघडपणे मिरवण्यात, माझ्या मते, थोडा निर्धारही होता.

शिकागोचे शिल्पकार जोव्हानी मेली यांनी घडवलेला, सुमारे १९ फूट उंचीचा आणि जवळपास दोन टन वजनाचा हा पुतळा शेजारच्या सेंट मेरीज या महिला महाविद्यालयाकडून भेट म्हणून आला होता. ज्या विद्यापीठाने पदवीच्या वर्गांत स्त्रियांना थेट १९७२ मध्ये प्रवेश दिला, त्याची सर्वांत ठळक खूण स्त्रियांच्या देणगीतून उभी राहिली, ही गोष्ट त्याच्या गौरवगाथांमध्ये सहसा ओझरतीच येते.

पुतळा घुमटावर चढल्यानंतर वाद झाला तो सोन्याचा. सोरिन यांना घुमट आणि पुतळा दोन्ही खऱ्या सोन्याच्या वर्खाने मढवायचे होते, तर कारभार पाहणाऱ्या मंडळींना हा खर्च चैनीचा वाटत होता. असे सांगतात, की त्यावर सोरिन सेंट मेरीजमध्ये जाऊन राहिले आणि मागणी मान्य होईपर्यंत तेथून हलले नाहीत. अखेर १८८६ मध्ये घुमटावर सोने चढले. इंडियानाच्या हिवाळ्यात हा पातळ वर्ख झिजत जातो, त्यामुळे काही वर्षांच्या अंतराने तो पुन्हा चढवावा लागतो. २००५ नंतर हे काम २०२३ मध्ये झाले.